बसण्यापुरती ऊब

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या घरमालकीण आक्का, त्यांच्या सुनेकडे एक मासिक येतं. त्याच्या शेवटच्या पानांवर लोक आपापले अनुभव लिहितात... कुणाला विहिरीवर बाई दिसलेली असते, कुणाला रस्त्यात मागून हाक आलेली असते. सुनेचं वाचून झालं की ती मला देते. मी अक्षराला अक्षर लावत वाचायची आणि मनात म्हणायची – काहीतरीच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भुतावर आजही आहे असं म्हणणार नाही. पण माझ्याबरोबर जे झालं ते तोंडाने सांगायला गेले की माझा आवाजच निघत नाही. चार माणसांत बोलायची मला पहिल्यापासून लाज. म्हणून लिहून काढतेय. पाठवीन की उशाखाली ठेवीन, ते नंतर बघू.

आम्ही मूळचे परभणीकडचे. लग्न झाल्यावर चिखलीला आलो, तेव्हापासून आक्कांच्याच खोलीत. यांना चाकणला कंपनीत काम लागलं, कायमची तिसरी शिफ्ट. (हे म्हणजे माझे मिस्टर. नाव लिहीत नाही, सवय नाही.) मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये. रबराचे पार्ट मशिनीतून निघाले की त्यांच्या कडा कातरायच्या. पहिली शिफ्ट. यांना सुट्टी रविवारी, भोसरीला सुट्टी गुरुवारी.

खोलीत एका माणसाची लोखंडी कॉट. रात्री मी झोपायची, सकाळी मी उठून कामाला गेले की त्याच जागी हे झोपायचे. माझी बस जिथे यायची त्याच स्टॉपवर यांच्या कंपनीची बस यांना सोडायची. ते उतरायचे, मी चढायची. तेवढ्यात जे काय बोलणं होईल ते.

"अंथरूण निवलं का गं?"

"नाही, गरम आहे अजून. लवकर जा."

रोजचं हेच. इतकी वर्षं आमची कॉट कधी गार पडली नाही, पण दोघं एका वेळी तिच्यावर कधी झोपलो नाही. रविवारी रात्री हे घरी असायचे, पण सवयीने झोप कुठली. माझी मोडू नये म्हणून खाली सतरंजीवर मोबाइल बघत पडायचे.

त्यातच त्यांना तो व्हिडिओ दिसला. कुणीतरी गाडीच्या मागच्या भागात पलंग केलेला – वर झोपायची फळी, खाली सामानाचे कप्पे. गाडी नदीकाठी लावून नवरा-बायको चहा पितायत. मला हलवून उठवलं.

"बघ तरी. घरच घेऊन फिरतायत."

मी म्हटलं, "लोकांना घर असून गाडीत झोपायची हौस. आपल्याला घरात झोपायला मिळंना."

"म्हणून तर म्हणतोय. दोघांनी रजा टाकायची, कोकणात जायचं. समुद्र बघितलास का तू?"

"तुम्ही तरी कुठं बघितलाय."

मला वाटलं, विसरतील. पण शाळेची पोरं नेणारी एक जुनी व्हॅन स्वस्तात विकायला निघाली आणि यांनी ती घेतली. रविवारी भाडं मारून पैसे सुटतील, असा त्यांचा हिशेब. घेण्यापुरते पैसे कांबळे भाऊजींनी दिले. भाऊजी यांच्याच कंपनीत मेंटेनन्सला. दोघांची दोस्ती अशी की डबा एकमेकांचाच खायचे. भाऊजी विहारात जाणारे, भूतबाधा, अंगारा काही न मानणारे. कुणी लिंबू-मिरचीचं नाव काढलं की हसायचे. दिलेले पैसे त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले होते. ॲडमिशनला अजून वेळ होता म्हणून दिले. लिहून घेतलं नाही, काही नाही.

मग पलंगाचं काम सुरू झालं. कंपन्यांत माल ज्या लाकडी पॅलेटवर येतो, ते मोडले की भंगारात जातात. आमच्या चिखलीत भंगारवाल्यांकडे त्यांचे ढीग असतात. हे त्यातून बरं लाकूड निवडून आणायचे, खिळे उपटायचे, रंधा मारायचे. ड्रिल मशीन भाऊजींचं. पुढे दोन पेट्या केल्या. एकीत शेगडी, छोटा सिलिंडर आणि पिठाचा डबा, दुसरीत कपडे आणि भांडी. मागच्या दारातून ओढायचा एक लांब खण, त्यात ताडपत्री आणि पाण्याचा कॅन. पेट्यांवर प्लायची झाकणं, तोच पलंग. झाकण उचलायला बोट जाईल एवढं गोल भोक प्रत्येकाला. कडा इतक्या घासल्या होत्या की साडीचा धागा अडकायचा नाही.

सगळं ठोकून झाल्यावर मला बोलावलं. मी चढले, आडवी झाले, लाकडाचा वास छान येत होता. मी विचारलं, "आणि तुम्ही कुठं झोपणार?"

ते बघतच राहिले. माप त्यांनी घरातल्या कॉटचं घेतलं होतं.

मागच्या दारात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "इतकी वर्षं पलंगावर एकच माणूस झोपतंय... डोक्यात तेच बसलंय गं."

कांबळे भाऊजी उभेच होते. म्हणाले, "राव, पलंग केलास का पाट? गाडीत पण शिफ्ट लावणार का तुम्ही दोघं?"

मग त्याला बाजूने बिजागऱ्या लावून एक जोडफळी केली. एरवी खाली लोंबती राहायची, झोपायच्या वेळी उचलून पाय लावायचे. "ही तुझी," म्हणाले.

मी म्हटलं, "मग आता पडा की जरा. बघा तरी कसं वाटतं."

"नाही. पोरीच्या फीवर मला झोप यायची नाही. आधी कांबळ्याचे पैसे फिटू दे."

"अहो, ते मागतायत का?"

"मागत नाही म्हणूनच. उद्या तो नको म्हणाला तरी द्यायचे. आणि गादी शिवू नकोस एवढ्यात. गादी पडली की मोह होईल."

तेव्हापासून रोज सकाळी शिफ्टवरून आले की आधी मागचं दार वर करून ते जरा त्या फळीच्या कडेवर बसायचे. पाय बाहेर सोडून, हातात चहा. गुरुवारी सुट्टीला मी घरी असायची, तेव्हा बघायची. बसायचे फक्त. पाठ कधी टेकली नाही.

त्या थंडीत एका सकाळी मी स्टॉपवर उभी होते. यांची बस आली, पोरं उतरली. हे उतरले नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "काका झोपलेत वाटतं, उठवा त्यांना." त्या बसमध्ये मी पहिल्यांदाच चढले. खिडकीशी बसले होते, मान काचेला लावून. मी हात धरला. हात गरम होता... म्हणून मलाही वाटलं, झोपलेतच.

पुढचं लिहीत नाही.

हे ठेकेदाराकडचे कामगार, त्यामुळे मागे फारसं काही आलं नाही. जे आलं ते गावाकडे दिवस करण्यात गेलं. मूलबाळ आम्हाला नाही. मी परत आले, कामाला लागले. आजूबाजूच्या खोल्यांमधल्या पोरांना भाकरी करून द्यायचं ठरवलं. त्याला दुसरी शेगडी हवी होती, आणि ती व्हॅनमधल्या पेटीत होती. गुरुवार होता, मला सुट्टी. गाडी आक्कांच्या वाड्याच्या भिंतीला लावलेली, तिथे दुपारपर्यंत ऊन येत नाही. काचांवर दव साचलेलं. मी कुलूप काढलं, मागचं दार वर केलं आणि वाकण्यासाठी फळीवर हात टेकला.

फळी गरम होती.

तापलेली नाही. माणूस उठून गेल्यावर जागा असते तशी. मी बाजूला हात फिरवला – गार. वर, डोक्याच्या बाजूला गार. फक्त कडेला, एक माणूस बसेल एवढीच ऊब. आणि ती माझ्या हाताखाली हळूहळू गेली.

यांच्या कंपनीची बस स्टॉपवरून जाऊन तेवढाच वेळ झाला होता. स्टॉपपासून चालत यायला लागतो तेवढा.

मी स्वतःला म्हटलं, मांजर असेल. पण काचा बंद, कुलूप मी काढलेलं, किल्ली माझ्या कमरेला. पुढच्या गुरुवारी तेच. मग मी आक्कांना सांगितलं. आक्का इथल्या जुन्या घरातल्या, पहाटे उठून गोठ्यात जाणाऱ्या. म्हणाल्या, "मांजर न्हाईतर उंदीर आसंल. किल्ली ठिव माझ्यापाशी, मी बघते रोज."

आठवडाभर त्यांनी पाहिलं. सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर पायरीवर बसून होत्या.

"आज न्हाई गं. आज गारच हाय फळी. बाकी समद्या दिवशी व्हती."

माझ्या लगेच लक्षात आलं. रविवारी रात्री यांना शिफ्ट नसायची.

आक्कांना हे मी नंतर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "इकून टाक ती गाडी. न्हाईतर लिंबू तरी उतरव." लिंबू मी उतरवलं नाही. भीती वाटली असती तर उतरवलंही असतं. भीती वाटतच नव्हती. वाटत होतं ते वेगळंच... शिफ्ट करून दमून आलेलं माणूस, आणि बसूनच राहतंय.

कांबळे भाऊजींना मीच बोलावलं. ते तिसऱ्या शिफ्टवरून थेट आले. मी खाली मान घालून कसंबसं सांगितलं. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "वहिनी, असलं काही नसतं. वायरिंगमध्ये फॉल्ट असेल, करंट उतरत असेल." वायर तपासल्या. गाडीखाली गेले, सायलेन्सरला हात लावून पाहिला. शेवटी बॅटरीच काढून आक्कांच्या ओट्यावर ठेवली. "आता काही होणार नाही. मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. भाऊजी आले, स्वतः कुलूप काढलं, दार वर केलं. हात ठेवला. लगेच काढला. पुन्हा ठेवला, आणि या वेळी बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हा इथं बसायचा, वहिनी?"

"हो."

"झोपत का नव्हता?"

मी सांगितलं. पोरीच्या फीवर झोप यायची नाही, हे त्यांचेच शब्द. भाऊजींना ते माहीत नव्हतं. तोंड पुसल्यासारखं करून ते गाडीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "मी सोडले पैसे. वहिनी, तुम्ही काही द्यायचं नाही. विषय संपला." बोलत माझ्याशी होते, पण आवाज मला पोचावा म्हणून एवढा चढवायची गरज नव्हती. मी तर हाताच्या अंतरावर होते.

पुढच्या गुरुवारी मी दार उघडलं. कडेलाच. बसण्यापुरती.

उद्या तो नको म्हणाला तरी द्यायचे... ते मला सांगून गेले होते. सोडलेले पैसे म्हणजे फिटलेले नव्हेत, एवढं मलाही कळतं. मी भाऊजींच्या घरी गेले आणि जमले होते तेवढे पुढे ठेवले. ते घेईनात. मी आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. त्या दिवशी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही घेतले नाहीत तर ते बसूनच राहतील."

त्यांनी घेतले.

मग चऱ्होलीच्या नव्या सोसायटीतलं एक जोडपं गाडी बघायला आलं, आक्कांच्या सुनेच्या ओळखीचं. दोघं आयटीत. गुरुवारी सकाळीच आले, ऑफिसला जाता जाता. पलंग बघून मुलगी एकदम खूश. पेट्या उघडून बघितल्या, खण ओढला. "किती नीट केलंय, ताई. कुणी केलं?" मी म्हटलं, "घरीच." ती कडेवर टेकली आणि म्हणाली, "अय्या, यात हीटर पण बसवलाय का? छान वाटतंय."

मुलाने वाकून पाहिलं. "हीटर कसला, बॅटरीच नाहीये गाडीला."

"मग गरम कसं लागतंय?"

"तुला काहीही लागतं."

त्यांनी जो आकडा सांगितला त्यात भाऊजींचं सगळं फिटून मला थोडे उरले असते. आक्का मागून माझ्या पाठीला बोट लावत होत्या – हो म्हण. माझ्या तोंडात हो आलंही होतं. पैसे एका दिवसात फिटले असते. पण मग ते झोपणार कुठे?

मी म्हटलं, "नाही द्यायची."

आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच ज्वारीची पाटी घेऊन आल्या. "लईच भाकऱ्या कराय लागत्याल आता तुला," म्हणाल्या.

केल्या. ओव्हरटाइम मिळेल तेवढा घेतला. संध्याकाळी भाकऱ्या थापायची, पोरं घेऊन जायची. भाऊजींनी दर पगाराला मुकाट्याने पैसे घेतले. मध्ये त्यांच्या मुलीची ॲडमिशन झाली. ती कशी केली, त्यांनी सांगितलं नाही, मला विचारायचा धीर झाला नाही. दर गुरुवारी मी दार उघडून बघायची. उन्हाळ्यात ऊब ओळखू येत नव्हती, पावसाळ्यात पुन्हा येऊ लागली. कधी एक शब्द ऐकू आला नाही, कधी सावली दिसली नाही. मासिकातल्यासारखं काहीच नाही. नुसती ती कडेची ऊब. कधी कधी मी तिथे चहाचा कप ठेवायची. चहा तसाच राहायचा, गार व्हायचा. मग मी पिऊन टाकायची.

शेवटचे पैसे द्यायचे होते त्या आठवड्यात मी गादी शिवली. सीटकव्हरवाल्याकडून फोमचे तुकडे आणले, जुन्या साड्यांचं कापड लावलं. दोन भाग केले, एक मोठ्या फळीचा, एक जोडफळीचा. बुधवारी संध्याकाळी भाऊजींच्या घरी गेले. मुलगी नुकतीच कॉलेजातून आलेली, पांढऱ्या ड्रेसमध्ये. तिनेच पाणी दिलं. मी पैसे ठेवले. भाऊजींनी ते तिच्याच हातात दिले, म्हणाले, "ठेव कपाटात." मग चपला घातल्या. "चला वहिनी."

माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. मी दार वर करून दोन्ही गाद्या टाकल्या, जोडफळी उचलून पाय लावले. भाऊजी खिशात हात घालून उभे होते. हा माणूस काही मानत नाही, हे अख्ख्या कंपनीला माहीत आहे. हळूच म्हणाले, "भावा, सगळे मिळाले. आता पड."

आणि मागे न बघता गेले.

गुरुवारी सकाळी यांची बस गेल्यावर मी खाली उतरले. कुलूप काढलं. दार वर केलं. आधी कडेला हात लावला. कडा गार होती.

मग मी हात आत सरकवला. उशाच्या जागेपासून पायांपर्यंत, यांच्या उंचीएवढी, सगळी गादी गरम होती.

मी चपला काढल्या आणि माझ्या जोडफळीवर आडवी झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका वेळी एका पलंगावर. हात त्या उबेवर ठेवून पडून राहिले. बाहेर आक्का हाक मारत होत्या, मी ओ दिली नाही. ऊब अंथरूण निवतं तशी हळूहळू निवत गेली, आधी पायांकडची, मग पाठीची. उशाची सगळ्यात शेवटी.

त्यानंतर परत कधी नाही. कुठल्याच दिवशी नाही. किती गुरुवार तरी मी दार उघडून पाहिलं, मग बघायचं सोडलं. मला हे हवं होतं, त्यांनी झोपावं म्हणूनच तर सगळं केलं. तरी आता सकाळी स्टॉपवर जाताना कॉट मागे गार पडत असते, ते मला समजतं.

गाडी अजून तिथेच आहे. समुद्र काही बघितला नाही. हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. शिकलेल्या कुणाला कळलं तर सांगावं. कांबळे भाऊजींना विचारलं तर म्हणतात, "वहिनी, मी अजूनही मानत नाही." मग चपला घालता घालता म्हणतात, "पण त्या दिवशी बोललो ते बरं झालं."

मला नक्की माहीत आहे ते एवढंच. भाऊजींचे पैसे फिटले. सगळे फिटले.